जावई नापास

ओली फरशी वाळेपर्यंत थांबणारं माणूस मावशीने चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या ऑफिसातले लोक वाईट नव्हते. फरशीच्या कडेला येऊन क्षणभर घुटमळायचे, "सॉरी हं मावशी" म्हणायचे आणि चवड्यांवर चालत, म्हणजे जणू चवड्यांचे ठसे उमटतच नाहीत अशा थाटात, पार निघून जायचे. मग मावशी पुन्हा वाकायची. त्यामुळे त्या सकाळी मागच्या जिन्याने निळा डगला घातलेली एक उंच बाई वर आली, मावशीने हात वर करून "थांब गं बाई, आत्ताच पुसलंय" म्हटलं आणि ती बाई खरोखरच भिंतीला पाठ लावून थांबली, तेव्हा मावशीला वाटलं, ही वाट तरी चुकली असावी, नाहीतर हिचं डोकं तरी ठिकाणावर नसावं.

तिकडे पुढच्या दारात मोठे साहेब फुलांचा गुच्छ घेऊन तासभर ताटकळत उभे होते. परदेशातल्या ज्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली होती, तिने पाठवलेल्या पाहुणीसाठी तो गुच्छ होता. पाहुणी मागच्या दाराने वर येऊन फरशी वाळण्याची वाट बघत उभी आहे, हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. डगल्यावरून तिचं नाव निळीबाई पडलं ते पडलंच. आधी कुठल्याशा कामानिमित्त ती इथे दोन वर्षं राहून गेली होती, त्यामुळे इथली भाषा तिला येत होती. लहान लहान वाक्यांत बोलायची, आणि चपराशापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना "तुम्ही" म्हणायची.

कंपनी कमोड आणि बेसिनं बनवायची. हे सांगताना तिथल्या साहेब लोकांची जीभ जरा अडखळायची. ओळख करून देताना ते "आम्ही सिरॅमिकमध्ये आहोत" असं म्हणायचे. मावशीला हे ऐकून हसू यायचं, कारण सिरॅमिकमध्ये खरा हात तिचाच असायचा, रोज सकाळी सात ते दुपारी तीन.

तिसरा मजला तिचा. साहेबांच्या केबिनी, मीटिंगची खोली, डिझाइनवाल्यांचा लांबलचक हॉल आणि आठ टॉयलेट. चार रंगांची चार फडकी. बेसिनचं फडकं चुकूनही कमोडला लागणार नाही, कमोडचं फरशीला लागणार नाही. धाकटीने, म्हणजे तिच्या जोडीला काम करणाऱ्या चाळिशीतल्या बाईने, एकदा घाईत पिवळ्या फडक्याने आरसा पुसला होता. मावशीने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. आरशावर उडालेल्या शिंतोड्यांवरून हात कुणी धुतले हे ती ओळखायची. फिनेलचा वास तिला आवडत नसे. "वास यायला लागला म्हणजे स्वच्छता नाही, लपवाछपवी आहे," ती म्हणायची.

लपवाछपवीचा तिला अनुभव होता. नवरा अंथरुणाला खिळला आणि तिने ही नोकरी धरली, तेव्हा लेक तीन वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिला तीनदा ओकारी आली. तिसऱ्यांदा ओकल्यावर तेही तिलाच साफ करायचं आहे हे लक्षात आलं, आणि तेव्हापासून पुन्हा कधी आली नाही. घरी मात्र तिने सांगितलं की ती पॅकिंगमध्ये आहे. सासूला, जावेला, शेजारणीला, सगळ्यांना पॅकिंग. दोन वर्षं ती बोटांना कागदी पट्टी गुंडाळून घरी जात होती, खोकी बांधताना हात कापतो म्हणून. पुढे नवरा गेला, सासू गेली, जाऊ वेगळी झाली, आणि पट्टी गुंडाळून दाखवायला कुणी उरलंच नाही.

तिसऱ्या मजल्यावर तिला मान होता, अगदीच नव्हता असं नाही. सगळे मावशी म्हणायचे. सेल्सचे साहेब बायकोशी भांडण झालं की बेसिनपाशी उभे राहून तिला सगळं सांगायचे. कुणाच्या पोराला ताप आला तर काय करायचं हे तिला विचारलं जायचं. फक्त तिचा चहाचा कप वेगळा होता. तो बादल्यांच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडा असायचा, कान तुटलेला. तो तिथे कुणी ठेवला हे कुणालाच आठवत नव्हतं, आणि तो तिथून कुणी उचललाही नव्हता.

आता जावयाबद्दल सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथे आहे.

लेक शिकली. चांगली शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. तिथे तिची एका मुलाशी ओळख झाली, ओळखीचं पुढे जे होतं ते झालं, आणि मुलगा कोणत्या कंपनीत आहे ते कळल्यावर लेकीच्या पायाखालची जमीन सरकली. तो डिझाइनमध्ये होता, तिसऱ्याच मजल्यावर. मावशी रोज त्याच्या टेबलाखालचा कचरा काढत होती. त्यालाही कळलं, पण तो मागे हटला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. लग्न झालं. त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आलं की मुलीची आई कंपनीत आहे. खोटं काय होतं त्यात?

दीड वर्षं सगळं सुरळीत होतं. रविवारी जावई तिच्या दोन खोल्यांत यायचा, तिला "आई" म्हणायचा, पोटभर जेवायचा, आणि ती त्याला ताटावरून हात धुवायलासुद्धा उठू द्यायची नाही. सोमवारी तोच डिझाइनच्या हॉलमधून "मावशी, जरा इथे फडकं मारा" म्हणायचा आणि नजर कागदावरून उचलायचा नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायला लागलं असतं तर दोघांनाही जमलं नसतं.

मग त्याच्या नव्या कमोडचं जाहीर प्रदर्शन ठरलं. महिनाअखेरीला, याच इमारतीत, आणि सगळ्यांना घरच्यांसह आमंत्रण. म्हणजे विहीणबाई येणार. तिसऱ्या मजल्यावर येणार, आणि समोर हातात बादली घेतलेली मावशी.

लेक एका संध्याकाळी आली ती कागद घेऊनच. जाड, पांढरा, चांगला कागद. तब्येतीच्या कारणास्तव काम सोडत आहे, अशा चार ओळी टाइप केलेल्या.

"आई, नाहीतरी किती दिवस वाकणार तू? गुडघे बघ तुझे. आम्ही आहोत ना आता."

"गुडघ्यांना काय झालंय?"

"आई."

"कुणी लिहिलं हे?"

लेकीने कागद तिच्यापुढे सरकवला. टाइप केलेल्या कागदाला अक्षर नसतं, पण मावशीला कळलं. इतका सरळ समास लेकीने आयुष्यात कधी सोडला नव्हता.

"महिनाअखेरीच्या आत सही करून दे," लेक म्हणाली, आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. मावशीने कागदाची घडी घालून चष्म्याच्या पाकिटात ठेवली. तिला राग आला नाही, याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं. तिला वाटलं, खरंच आहे, पोरीच्या संसारात आपल्यामुळे कशाला मिठाचा खडा पडायला हवा. फक्त सही करायला पेन हातात घेतलं की काहीतरी दुसरं काम आठवायचं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात निळीबाईने मीटिंगमध्ये तो नियम सांगितला.

"आपण जे विकतो, ते आधी आपण धुवायचं," ती म्हणाली आणि दाराशी कचऱ्याची टोपली घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे तिने हात केला. "प्रत्येक साहेब, एक टॉयलेट, एक आठवडा. या बाई शिकवतील. शनिवारी त्याच तपासतील, त्याच सही करतील. पास किंवा नापास. आमच्याकडे सगळ्या कारखान्यांत असं होतं. मालकसुद्धा करतो."

मग सेल्सचे साहेब म्हणाले, "मॅडम, मी घरी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नाही." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं की अभिमानाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी एकाची कंबर धरली. एकाला ब्रशची अ‍ॅलर्जी निघाली. एकाने घरून ड्रायव्हरला आणलं आणि "हा माझ्या वतीने करेल" म्हणून पुढे केलं. निळीबाईने ड्रायव्हरला खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि ब्रश साहेबांच्या हातात दिला.

यादीत जावयाचं नाव होतं. तिसऱ्या मजल्यावरचं खिडकीजवळचं टॉयलेट. मावशीने यादी दोनदा वाचली. ज्याला तिने स्वतःच्या घरात पाण्याचा ग्लास हलवू दिला नव्हता, तो आता तिच्यासमोर कमोडपुढे गुडघे टेकणार, आणि वर तिनेच त्याला चूक काढून दाखवायची! लेक काय म्हणेल, हा विचार तर तिने केलाच नाही, तो आपला आपणच येऊन बसला.

म्हणून सोमवारी पहाटे ती आणि धाकटी दोन तास आधी आल्या. आठही टॉयलेट त्यांनी घासून लख्ख केली. जावयाचं तर मावशीने दोनदा घासलं. साहेब लोक येतील, नुसता ब्रश फिरवतील, हात धुतील. नियमाचा नियम राहील आणि कुणाची मान खाली जाणार नाही. दोघी चहा घेत बसल्या, आपण फार शहाणपणा केला या समाधानात.

साहेब लोक अजून यायचे होते, तेव्हाच निळीबाई बादल्यांच्या खोलीत आली.

"शनिवारी मी खूण केली होती," ती म्हणाली. "निळ्या पेन्सिलीने. काठाच्या आत, आठही ठिकाणी. आता एक पण नाही."

"मग चांगलंच झालं की. स्वच्छ आहे म्हणायचं."

"तुम्ही केलं."

मावशीने मान हलवली. "साहेब लोक आहेत हो ते. त्यांच्या हाताला सवय नाही. आम्ही करून ठेवलं म्हणजे तुमचा नियम पण झाला आणि त्यांची लाज पण राहिली."

"लाज?" हा शब्द तिला येत होता. "कशाची?"

मावशी कोरडंच फडकं पिळू लागली.

"साहेब हे काम हलकं समजतात, ते मला माहीत होतं," निळीबाई म्हणाली. "तुम्ही पण समजता, ते माहीत नव्हतं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षं! चार रंगांची फडकी, पहाटेचं उठणं, गुडघ्यांचे घट्टे, आणि ही कालची आलेली बाई म्हणते की मी माझं काम हलकं समजते! "तुमच्याकडे काय मोठं डोक्यावर घेऊन नाचतात वाटतं साफसफाईवालीला?" ती जोरात म्हणाली. धाकटीने तिचा पदर ओढला.

निळीबाईने एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. "नाही नाचत," ती म्हणाली. "माझी आई एका शाळेत टॉयलेट धुवायची. मी पण नऊ वर्षं धुतलं. आमच्याकडे या कामाचं शिक्षण असतं, परीक्षा असते, प्रमाणपत्र असतं. मी ते भिंतीवर लावलंय. कोणी लपवत नाही. पण आई गेली तेव्हा त्या शाळेतून कोणी आलं नाही. त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं. इथे तुम्हाला सगळे मावशी म्हणतात. तुम्ही आजारी पडलात तर बघायला येतात, होय ना?"

"येतात," मावशी म्हणाली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. "फळं घेऊन येतात. आणि माझ्या घरचा चहा मात्र नको म्हणतात."

मग कुणास ठाऊक का, धाकटीला हसू फुटलं, आणि तिच्यामागून त्या दोघींनाही.

पण मावशीच्या मनातून ते वाक्य गेलं नाही. दिवसभर ती ते घोळवत राहिली. कागदी पट्ट्या तिने स्वतःच गुंडाळल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं. कान तुटलेल्या कपात ती चोवीस वर्षं मुकाट्याने चहा पीत होती. आणि आता चष्म्याच्या पाकिटात तो कागद. तब्येतीच्या कारणास्तव! तिची तब्येत ठणठणीत होती. संध्याकाळी घरी जाण्याआधी तिने धाकटीला सांगितलं, "उद्या आधी यायचं नाही. आणि रबरी बूट मोजून आठ जोड काढून ठेव."

मंगळवारपासून तिने शिकवायला घेतलं आणि कुणाची भीड ठेवली नाही. आधी कोरडं झाडायचं, मग ओलं. ब्रश वरून खाली न्यायचा. औषध ओतलं की लगेच घासायला धावायचं नाही, त्याला त्याचं काम करू द्यायचं. "साहेब, हे फडकं कुठलं? पिवळं ना? मग बेसिनला कसं लावलंत?" सेल्सचे साहेब पहिल्या दिवशी नाक मुरडत होते. गुरुवारी ते एका माणसावर ओरडताना ऐकू आले, कारण तो त्यांच्या ओल्या फरशीवरून चालत गेला होता. मावशीने ते ऐकलं आणि तिचा तो दिवस फार बरा गेला.

जावई निमूटपणे काम करत होता. हात चांगला होता त्याचा. पण एका गोष्टीवर तो ऐकेना. खिडकीजवळच्या टॉयलेटमध्ये त्याच्या त्याच नव्या कमोडचं भांडं दोन वर्षांपूर्वी तपासणीसाठी बसवलेलं होतं. त्याच्या काठाच्या आत, मागच्या बाजूला, एक वळण होतं.

"तिथे हात वळवून घासा," मावशी म्हणाली.

"तिथे गरज नाही, मावशी. तिथे पाणी आपोआप पोचतं. मीच बनवलंय ना ते."

"नाही पोचत."

"पोचतं. कॉम्प्युटरवर बघितलंय मी."

मावशीने पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगितलं होतं, आठही जणांना सारखंच सांगितलं होतं.

शनिवारी तिने लेकीने दिलेली पावडरची डबी आणली, झाकणात आरसा असलेली, आणि एकेका टॉयलेटमध्ये गुडघे टेकून आरसा काठाखाली धरला. सहा जण सरळ पास. सेल्सचे साहेब काठावर. खिडकीजवळच्या टॉयलेटपाशी ती जास्त वेळ थांबली. फरशी आरशासारखी होती. बेसिन, नळ, दाराची कडी, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. मग काठाखालच्या आरशात, मागच्या वळणावर, पिवळट रेघ दिसली. शेवयीएवढी बारीक.

तिने आरसा खाली ठेवला आणि पुन्हा धरला. रेघ तिथेच होती. कुणाला दिसणार आहे, तिने स्वतःला विचारलं. गुडघे टेकून आरसा धरून बघणारं या इमारतीत तिच्याशिवाय होतंच कोण? लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. एक खूण केली की झालं, महिनाअखेर आली की कागद द्यायचा, सगळे सुखात. पेन तिने कागदाला टेकवलं आणि उचललं. मग तिने मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं: नापास. आणि खाली सही केली.

यादी लिफ्टशेजारी लागली आणि दहा मिनिटांत मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

"मावशी, अहो डिझाइनचा माणूस नापास? ज्याने भांडं बनवलं तोच? वर काय तोंड दाखवू मी? हे घ्या पेन, खाडाखोड करून टाका."

निळीबाई कोपऱ्यात उभी होती. "सही त्यांची आहे," ती एवढंच म्हणाली. "मला बदलता येत नाही."

"साहेब, आरशात दिसतंय," मावशी म्हणाली. "तुम्ही वाकून बघा."

मोठे साहेब वाकले नाहीत. त्यांनी जावयाला बोलावलं. तो आला, यादी त्याने वाचली होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने मावशीकडे बघितलं नाही. नुसता हात पुढे केला, तिने पावडरची डबी त्यावर ठेवली, आणि तो निघून गेला. तो परत येईपर्यंतचा वेळ मावशीला त्या चोवीस वर्षांपेक्षा लांब वाटला. उशिरा आला. पँटला गुडघ्यांवर ओले गोल होते.

"बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "तिथे पाणी पोचत नाही."

"ते असू द्या हो. पण एक झाडूवाली बाई तुम्हाला नापास करते म्हणजे..."

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

केबिनचं दार उघडं होतं. बाहेरच्या हॉलमधला खडखडाट थांबला.

"आणि सासूबाई नसत्या तरी," जावई म्हणाला, "नापास ते नापासच. मी पुढचा आठवडा पुन्हा करतो."

मावशीने त्या क्षणी काय केलं? काही नाही. जावयाने परत दिलेली पावडरची डबी तिने पदराने पुसली. अभिमान वाटला तिला. जावयाचा वाटलाच, पण खरं सांगायचं तर स्वतःचा जास्त वाटला. आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

रविवारी लेक तणतणत आली. "जावयाला नापास केलंस? स्वतःच्या जावयाला? अगं, जगात कुणी केलं असेल का असं?"

"मग? वशिल्याने पास करू?"

लेक धपकन खाली बसली. मग तिला हसू येऊ लागलं, ते तिला आवरेना. "घरी काय चाललंय माहितीये? मंगळवारपासून आमचं टॉयलेट तोच धुतोय. माझ्या फडक्यांना त्याने रंगीत दोरे बांधलेत. काल मी चुकून पिवळं घेतलं तर माझ्यावर डाफरला!" हसता हसता तिने डोळे पुसले. मग खालच्या आवाजात विचारलं, "आई, तो कागद?"

"आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली, आणि तिने ताटं घेतली. त्या दिवशी जेवण झाल्यावर जावयाने स्वतःचं ताट उचललं. तिने त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो रोज सकाळी सातला यायचा. एकटाच. कंपनीचा ब्रश त्या वळणात जाईना. तिरका धरला, उलटा धरला, शेवटी तो घामाघूम होऊन दाराशी आला आणि बोळभर ऐकू जाईल असं ओरडला, "आई, हे कसं करता तुम्ही?"

हॉलमध्ये चार माना वर झाल्या. मावशी आपली बादली न सोडता सावकाश गेली. आपल्या कामाच्या डगल्याच्या खिशातून तिने एक जुना दात घासायचा ब्रश काढला. त्याची मान मेणबत्तीवर तापवून तिने वाकवलेली होती.

जावयाने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हा कधीपासून वापरता?"

"तुमचं भांडं बसवलं तेव्हापासून."

"दोन वर्षं? मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं का कुणी?"

त्याने तो ब्रश परत देताना दोन्ही हातांनी दिला.

शनिवारी तिने आरसा धरला, चष्मा पुसून पुन्हा धरला, आणि पास लिहिलं. पण भांड्यात दोष आहे असं त्याने स्वतःच वर कळवलं होतं, त्यामुळे प्रदर्शन दोन महिने पुढे गेलं. विहीणबाई तेव्हा येतील. त्या दिवशी कुठली साडी नेसायची आणि तिच्यावर डगला घालायचा की नाही, यावर धाकटीशी बोलणी सुरू आहेत. घालायचा, असं मावशीचं मत पडलं आहे.

त्यानंतरच्या सोमवारी ती तिसऱ्या मजल्यावरचा बोळ पुसत होती. टोकाला जावई उभा होता, काखेत कागदाची गुंडाळी. तो भिंतीला पाठ लावून थांबला होता. फरशी वाळली तेव्हा आला, बादल्यांच्या खोलीत गेला, खिडकीच्या कट्ट्यावरचा कान तुटलेला कप उचलून त्याने कचऱ्यात टाकला आणि त्या जागी आपलं नवं चित्र पसरलं.

"आई, आता सांगा. इथून ब्रश जाईल?"

मावशीने चष्मा लावला. चित्रातल्या रेघा तिला कळेनात, पण वळण कळलं. "हात असा येतो," ती म्हणाली, आणि मनगट फिरवून दाखवलं.

"असं नाही कळत मला. काढून दाखवा ना."

तिने इकडेतिकडे बघितलं. कोरा कागद कुठेच नव्हता. मग तिने चष्म्याच्या पाकिटातून ती घडी काढली, उलगडली, कोरी बाजू वर केली आणि निळीबाई तिथे विसरून गेलेल्या निळ्या पेन्सिलीने मनगटाचं वळण काढायला घेतलं. कागद जाड होता, तरी मागच्या चार टाइप केलेल्या ओळी उजेडात अंधुक दिसत होत्या, सरळ समासासकट. त्यांच्या खाली सहीची जागा रिकामी होती.

जावयाने त्या ओळी ओळखल्या. रेघ काढताना कागद सरकू नये म्हणून त्याने दोन बोटांनी त्याची कडा दाबून धरली.

"तुमचं वळण अजून जरा खाली घ्या," मावशी म्हणाली. "माझ्या हाताला जमतंय, पण धाकटीचा हात आखूड आहे."